पाळण्यापर्यंतची ओली वाट

माझ्या मणक्याचं ऑपरेशन गणपतीच्या थोडं आधी झालं. ते उत्तम झालं, असं सगळेच म्हणत होते. डॉक्टर खूश होते, फिजिओथेरपिस्ट खूश होती, एक्स-रेमधले स्क्रू जिथे असायला हवेत तिथे होते. ज्या पायाला वर्षभर सतत मुंग्या येत होत्या, त्याला पुन्हा जमीन जाणवू लागली होती. फक्त घरी सोडताना डॉक्टर हसत हसत म्हणाले, "आता काही महिने पडायचं मात्र नाही हं!" बहुधा प्रत्येक पेशंटला ते असंच सांगत असतील. माझ्या मनात मात्र ते वाक्य जाऊन बसलं ते बसलंच. लग्नाआधीपासून मी रोज सकाळी दत्तनामाची माळ ओढते. आता माळ हातात घेतली की ओठांवर दत्त आणि आत दुसराच जप सुरू होई: पडायचं नाही, पडायचं नाही.

माझी धाकटी बहीण टोरांटोला असते. ती फोनवर म्हणायची, "ताई, तू तरी सुखी. इथे दाराबाहेर नुसता बर्फ. पाय टाकला की गेलाच. सिंगापूरला कसलं आलंय बर्फ!" मी हो हो म्हणायची. पण सिंगापूरचा डिसेंबर तिला माहीत नव्हता. सकाळी पाऊस, दुपारी पाऊस, संध्याकाळी वाऱ्याबरोबर आडवा पाऊस. सेम्बावांगला आमचा फ्लॅट वरच्या मजल्यावर आहे, तिथला कॉरिडॉर ओला, लिफ्टमध्ये छत्र्यांचं पाणी, खाली ब्लॉकपासून ब्लॉकपर्यंत जाणाऱ्या छताखालच्या वाटेवरच्या टाइल्स तर अशा चकचकीत, की दिव्यांची प्रतिबिंबं दिसावीत. बहिणीच्या दाराबाहेर खरा बर्फ होता. माझ्या दाराबाहेर जे होतं ते मला त्याहून निसरडं वाटत होतं.

मग मी बाहेर जाणंच बंद केलं. तपासणीला जायचं तर टॅक्सी अगदी लिफ्टजवळ यायला हवी आणि यजमानांचा दंड माझ्या हातात हवा. ऑफिसनं घरून काम करायची मुभा दिली होती, ती मी प्रसादासारखी घट्ट धरून ठेवली. स्वतःची आंघोळ झाली की बिचारे यजमान बाथरूम कोरडं करून मला हाक मारत. मुलगी युनिव्हर्सिटीतून ओली छत्री घेऊन आत आली, की मी किंचाळायचीच. "आई, यू आर फाइन लह! डॉक्टरच म्हणाले ना!" ती तिच्या सिंगापुरी 'लह'सकट म्हणायची. तिचंही खरं होतं. पाठ बरी होत होती. मीच बरी होत नव्हते.

याहून मोठी खंत दुसरीच होती, आणि ती मी कुणाला सांगितली नव्हती. दत्तमहाराजांना आपण स्मर्तृगामी म्हणतो, स्मरण केलं की धावून येणारे. ऑपरेशनच्या टेबलावर नेत होते तेव्हा मी त्यांचं नाव घेतलं आणि मला खरोखर शांत वाटलं होतं. मग घरातल्या घरात स्वयंपाकघरापासून खिडकीपर्यंत जाताना ते का येत नव्हते? मोठ्या संकटात येणारा देव एवढ्याशा भीतीसाठी येत नसेल का? की इतकी वर्षं मी नुसतीच बोटं चालवत होते? देवघरापुढे उभं राहून हे विचारण्याचंही धैर्य होत नव्हतं. मी दिवा लावायची आणि बाजूला व्हायची.

आमच्या समोरच्याच ब्लॉकमध्ये, कारपार्क ओलांडून पलीकडे, मंगलताई राहतात. आम्ही दोघी एकाच सुमाराला पुण्याहून इथे आलो. त्यांच्या घरी दरवर्षी दत्तजयंती होते. आसपासची मराठी मंडळी जमतात, भजन होतं, दिवेलागणीला दत्तजन्म आणि मग सुंठवडा. पाळणा मी म्हणते. कुणी ठरवलेलं नाही, पण पहिल्या वर्षी मी म्हटला आणि तेव्हापासून तो माझाच झाला. यंदा यजमान मला हाताला धरून नेणार होते. त्या दुपारी चांगी बिझनेस पार्कमधून त्यांचा फोन आला. वर्षअखेरीचं काम अडकलं होतं, वेळेवर पोचणं शक्य नव्हतं. "मंगलताईंना कळव," ते म्हणाले. "एकटी निघू नकोस. पाऊस बघ केवढा आहे." मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं.

मी मंगलताईंना फोन केला. त्या रागावल्या नाहीत, हेच जास्त लागलं. "असू दे गं," त्या म्हणाल्या, "तब्येत आधी. पाळणा मोबाईलवर लावू आम्ही." पाठीमागून टाळांचा आवाज येत होता, कुणीतरी पेटीचा सूर लावून बघत होतं. फोन ठेवून मी कॉरिडॉरच्या कठड्याशी गेले. समोर त्यांचं दार उघडं होतं, तोरणाचे दिवे लावलेले होते, लोक छत्र्या मिटत आत शिरत होते. एवढ्या जवळ सगळं. आणि दत्तमहाराजांचा पाळणा कुठल्या तरी परक्या आवाजात वाजणार. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी घरात गेले, पाठीचा पट्टा बांधला, त्यावरून साडी नेसले, रबरी तळाचे बूट घातले आणि देवघरापुढे उभी राहिले. कित्येक महिन्यांनी मोकळेपणी बोलले. म्हटलं, "महाराज, मला भीती वाटते. ती जात नाही. तुमच्या जन्माला येतेय. हात धरायला कुणाला तरी पाठवा."

लिफ्टनं खाली आले. ब्लॉकखालची मोकळी जागा कोरडी होती, तिथवर ठीक चाललं. पुढे छताखालची वाट सुरू झाली. वर छत होतं, पण पाऊस दोन्ही बाजूंनी आत येत होता. खांबाला धरत, पुढच्या खांबाकडे बघत मी निम्म्यापर्यंत गेले, आणि तिथे बुटाचा तळ जरासा, अगदी जरासाच सरकला. पडले नाही. पण त्यानंतर मला हलताच येईना. दोन्ही हातांनी खांबाला मिठी मारून मी उभी. पुढे जाववत नव्हतं, मागे वळवत नव्हतं. लोक जात-येत होते. त्यांना वाटलं असेल, बाई पाऊस थांबायची वाट बघतेय. कुणाला हाक मारावी तर काय सांगायचं तेच सुचेना. मनात म्हटलं, झालं, आता अशीच उभी राहणार मी, आणि तिकडे मोबाईल लागणार.

तेवढ्यात मागच्या बाजूनं एक चिनी आजी आल्या. ठेंगण्याशा, फुलाफुलांचा ब्लाउज, पायात साध्या चपला, एका हातात संत्र्यांची पिशवी. त्या माझ्यापाशी येऊन थांबल्या. माझ्याकडे वर बघत म्हणाल्या, "आंटी, यू स्ट्राँग. कॅन होल्ड यू ऑर नॉट? फ्लोअर स्लिपरी लह. आय व्हेरी स्केअर."

मला आधी कळेचना. मग कळलं तेव्हा हसावं की रडावं समजेना. मी हात धरायला माणूस मागितलं होतं, आणि आलेलं माणूस माझाच हात मागत होतं. मी त्यांना माझी पाठ दाखवली, पट्ट्यावर हात मारून दाखवला. म्हटलं, "आंटी, माय बॅक ऑपरेशन. आय आल्सो स्केअर."

त्यांनी पट्ट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि तोंडभर हसल्या. पुढचे काही दात नव्हते. "अय्या! सेम सेम!" त्या म्हणाल्या. "देन ओके. यू होल्ड मी, आय होल्ड यू. टुगेदर फॉल, टुगेदर लाफ."

आणि माझं उत्तर न ऐकताच त्यांनी आपला हात माझ्या कोपरात अडकवला. मोडक्या इंग्रजीत त्यांनी सांगितलं, की मागे एकदा बाजारात त्या पडल्या होत्या आणि तेव्हापासून पावसात त्यांच्या काळजाचं पाणी पाणी होतं. तो हात कोपरात आला आणि मी खांब सोडला. कसा सोडला, मला सांगता येणार नाही. एवढं आठवतं, की यांना पडू द्यायचं नाही असं मनात आलं. मी आधी पाऊल टाकून बघायचं, घट्ट वाटलं की "ओके आंटी" म्हणायचं, मग त्या पाऊल टाकणार. कुठे पाणी साचलेलं दिसलं की मी त्यांना बाजूनं नेई. त्याही मला मध्येच थांबवून, माझ्या साडीचा काठ वर उचलून धरत आणि "केअरफुल, ब्यूटिफुल क्लोद," म्हणत. आम्ही एकमेकींना आंटी आंटी करत होतो. वाट संपली, समोर लिफ्ट आली, तेव्हा माझ्या लक्षात आलं, की गेली काही मिनिटं आतला तो दुसरा जप बंद होता. आणि दत्ताचं नाव मात्र चालू होतं. ते केव्हा सुरू झालं, मला कळलं नव्हतं.

त्या मंगलताईंच्याच ब्लॉकमध्ये खालच्या मजल्यावर राहत होत्या. मी निरोप घेऊन वर जायचं होतं, पण मला त्यांचा हात सोडवेना. म्हटलं, "आंटी, अपस्टेअर्स माय गॉड्स बर्थडे. यू कम?" बर्थडे हा शब्द ऐकला आणि त्यांनी लगेच लिफ्टचं बटण दाबलं.

दारात आम्हा दोघींना बघून मंगलताईंच्या हातातली आरतीची ताटली खाली पडता पडता राहिली. "अगं, तू! आणि ह्या कोण?" मी म्हटलं, "मला घेऊन आल्या." त्याच वेळी आजी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "शी ब्रिंग मी." सगळे हसले. मला खुर्ची दिली, आजींना माझ्या शेजारी बसवलं. मोबाईल कुणीतरी खिशात टाकला. पेटीचा सूर आला आणि मी पाळणा म्हणायला लागले. आवाज आधी फुटला, मग सावरला. त्या संध्याकाळी जसं गायले तसं मी पूर्वी कधी गायले नव्हते, असं मंगलताई म्हणतात. मला ते माहीत नाही. मला एवढंच आठवतं, की गाताना मला माझी पाठ आठवली नाही.

पाळण्याची दोरी एकेकाच्या हातात जात होती. मंगलताईंनी ती आजींच्याही हातात दिली. त्यांनी फार जपून, खऱ्या बाळाला हलवावं तसं हलवलं. मग वाकून आत बघितलं आणि माझ्या कानाशी येऊन विचारलं, "बेबी थ्री हेड?" मी मान हलवली. त्या गंभीरपणे म्हणाल्या, "गुड. व्हेरी क्लेव्हर बेबी. कॅन सी एव्हरीबडी." मग पिशवीतली संत्री काढून त्यांनी पाळण्याशेजारी ठेवली, दोन्ही हात जोडले आणि सुंठवडा तोंडात टाकून तिखटानं डोळे मिटले. यजमान धावतपळत पोचले तेव्हा मी आणि त्या, दोघी हसून हसून बेजार झालो होतो. ते दारातच उभे राहून बघत होते. नंतर म्हणाले, "इतक्या महिन्यांत तुला असं हसताना मी बघितलं नव्हतं."

कुणी म्हणेल, यात काय विशेष? पाऊस होता, शेजारची म्हातारी होती, वाट एकच होती. मी वाद घालत नाही. असेलही तसंच. पण मी जे मागितलं होतं ते मला जसंच्या तसं मिळालं असतं, एखादं धडधाकट माणूस येऊन मला उचलून पलीकडे ठेवून गेलं असतं, तर दुसऱ्या दिवशी मी पुन्हा कठड्याशीच उभी असते. मला काय हवं आहे ते मी सांगितलं होतं. मला कशाची गरज आहे ते दत्तमहाराजांनी बघितलं. शरण जाणं म्हणजे आपलं सगळं ओझं देवाच्या अंगावर टाकून मोकळं होणं, असं मी समजत होते. त्या दिवशी वाटलं, की त्यानं कोपरात अडकवून दिलेला हात धरायचा आणि पाऊल टाकायचं, एवढंच बहुधा आपलं काम आहे. बाकीचं तो बघतो.

भीती एका दिवसात गेली नाही. पण मी रोज खाली उतरू लागले. पलीकडे आजी त्यांच्या लिफ्टपाशी थांबलेल्या असायच्या. चिनी नववर्ष होऊन गेल्यावर त्या म्हणाल्या, "आय बॉर्न इन उबीन. यू कम, आय शो यू." एका रविवारी यजमान, मुलगी आणि आम्ही दोघी लाकडी बोटीनं पुलाउ उबीन बेटावर गेलो. धक्क्याला बोट लागली तेव्हा लाटेनं ती वर-खाली होत होती. पायऱ्या ओल्या होत्या. नावाडी वरून हात पुढे करून उभा होता. मुलगी घाबरून म्हणाली, "आई, वेट, वेट!" पण मी तोवर हात देऊन वर पोचलेही होते. मागे वळून आजींना माझा हात दिला.

त्यांचं घर आता नाही. त्या जागी केळी माजल्या आहेत आणि एक फणसाचं झाड उभं आहे. आजींनी झाडाच्या बुंध्यावर हात ठेवला, त्यांच्या भाषेत काहीतरी पुटपुटल्या आणि मला म्हणाल्या, "माय मदर हिअर. यू से हॅलो." मी बूट काढले, त्या भिजलेल्या मातीत अनवाणी उभी राहिले आणि दोन्ही हात जोडून नमस्कार केला. तो नेमका कुणाकुणाला पोचला, हे दत्तमहाराजांनाच ठाऊक.