हायनेकवाला शेजारी

अकोल्याच्या उन्हाळ्यातबी पंखा लावला का आमचा शेजारी उठून जाते, इतकी त्याले थंडी. हिवाळाभर काळा हायनेक, वरून कोट. "गळा झाकला का कोटाच्या गुंड्या लावू नोको, पोत्यावानी दिसशीन," हे त्याचं ज्ञान.

मोर्शीले पोरगी पाहाले जाताना त्यानं मलेबी तसंच नटवलं. सकाळी मी साहेब दिसलो. दुपारी पोरीसमोर घामानं पाणीपाणी. हायनेक काढाव, तं आत बनियान फाटकी. पोरीचा बाप म्हणे, "पाव्हणे, तब्येत तं बरी हाय ना?" मी समजलो, गेलं लग्न.

शेजारी पटकन म्हणे, "मामाजी, पंखा लावा हो, लय गरम होऊन राहिलं."

माहा घाम वाळला, शेजारी कुडकुडत बसला. पोरीनं हो म्हटलं. कोणाले पाहून, ते म्या आजून विचारलं नाई.