मागचा पाय

आमच्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थ प्रत्येक वाक्याची सुरुवात 'टेक्निकली'ने करतात. "टेक्निकली, मी सिगारेट सोडली," हे त्यांनी लिफ्टमध्ये मला इतक्यांदा ऐकवलंय, की जन्मात न ओढलेली सिगारेट मलाही सोडावीशी वाटते.

कर्वेनगरातल्या बॉक्सिंगच्या क्लासला आम्ही एकत्रच जातो. त्यांचे दंड पडवळासारखे आहेत, पण ते ठोसा मारत तेव्हा टांगलेली बॅग भिंतीवर जाऊन आदळे. माझी जागची हलत नाही. सर पहिल्या दिवसापासून ओरडतायत, "जोर हातात नसतो, पायात असतो. मागच्या पायाचा चवडा जमिनीवर असा फिरवा, जशी सिगारेट विझवताय." आम्ही बाकीचे गंजलेल्या बिजागरीसारखे कुरकुरत फिरायचो. यांचा पाय मात्र तेल घातल्यासारखा गर्रकन वळायचा.

मागच्या रविवारी घरच्यांना क्लास बघायला बोलावलं होतं. सरांनी यांनाच पुढे उभं केलं आणि यांच्या बायकोला कौतुकाने म्हणाले, "बघा वहिनी, हा पाय. हे शिकवून येत नाही, रोजची सवय लागते."

"दिसतंय," वहिनी म्हणाल्या.

आता त्या रोज सकाळी येऊन बाकावर बसतात. यांचा मागचा पाय जमिनीत पुरल्यासारखा असतो आणि बॅग ढिम्म.

"अहो साहेब, ती सवय गेली कुठे?" सरांनी काल विचारलं.

"टेक्निकली," बाकाकडे बघत ते म्हणाले, "सोडली."