किंमत वाढवायची नाही

पत्रक छापून आलं की मला भूक राहत नाही. त्या शुक्रवारी दुपारी पाचशे प्रतींचा गठ्ठा काखेत मारून मी जिन्यावरून अक्षरशः उड्या मारत उतरत होते. वर ठळक अक्षरात ‘धारवाडात गुलामगिरी!’, खाली सतरा वर्षांच्या मुलीचा फोटो.

मुलीची आई खाली पायरीवर बसली होती. अळनावरकडची, मजुरीवर जाणारी. ओळखीच्याच माणसानं ‘हुबळीत साडीच्या दुकानात लावतो’ म्हणून पोरीला नेलं आणि कलघटगी रस्त्यावरच्या एका शेडमध्ये कोंडलं. दिवसभर कडक भाकऱ्या थापायच्या, दाराला बाहेरून कुलूप. आई गेली तर जाळीतून पोरीची बोटं तेवढी दिसली. मालक म्हणाला, पन्नास हजार आणा आणि घेऊन जा.

माझा बेत तयार होता. बाजारात पत्रकं वाटायची, दुकानादुकानातून पैसे गोळा करायचे आणि मालकाच्या तोंडावर फेकायचे!

“कुठं निघाली क्रांती?” घरमालकीण अक्कानं दारातच अडवलं. अक्का सप्तापूरच्या आमच्या गल्लीतली एकटी ज्यू, मूळची कोकणातली, निवृत्त प्राध्यापिका. शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांचा शब्बाथ, विसाव्याचा पवित्र दिवस सुरू होतो; त्याच्या दिव्यांत ती तेल घालत होती. तिनं पत्रक वाचलं आणि चष्मा काढला.

“फोटो छापलास? अगं मूर्खे, हे बाजारात फिरलं की तासाभरात मालकाच्या हातात. पोरगी उद्या बेळगावात, परवा कुठं, कुणाला ठाऊक!”

मी तापलेच. “मग गप्प बसायचं?”

“गप्प? आमच्यात बंदिवानाला सोडवणं सगळ्यात मोठं पुण्य. प्रार्थनेचं घर बांधायला जमवलेला पैसासुद्धा त्यासाठी मोडायचा. एक क्षण उशीर केलास तर रक्त सांडल्याचं पाप. पण मागेल ती किंमत द्यायची नाही. एकीचे पन्नास दिलेस की तो उद्या चौघी धरेल.”

“सोडवायचं, पण पैसे द्यायचे नाहीत. मग कसं?”

“पायात चपला घाल, सांगते.”

अक्कानं आईला विचारत जागीच अर्ज लिहिला, तिचा अंगठा उठवला. मग आम्ही तिघी रिक्षानं तहसीलदार कचेरीत. साहेब घड्याळ बघत म्हणाले, “वेठबिगारीचं प्रकरण आहे, चौकशी लागते. सोमवारी या.”

आईचा हात माझ्या दंडात रुतला. “सोमवारी? तवर हलवतील की ओ साहेब माझ्या पोरीला!”

“येते ना सोमवारी,” अक्का गोड आवाजात म्हणाली. “तोवर मुलगी तिथंच असेल, एवढं सहीशिक्क्यानिशी लिहून द्या. शिक्का आहे ना जवळ?”

शिपाई फिस्सकन हसला. साहेब हसले नाहीत, पण त्यांनी फोन उचलून पोलिसांची जीप मागवली.

बाहेर ऊन उतरत होतं. मला एकदम आठवलं. “अक्का, सूर्य मावळला की तू गाडीत बसत नाहीस ना? दिवेही लावायचे राहिले.”

“जीव अडकलाय तिथं. देवाला कळतं, तुला समजवावं लागतं. चढ!”

जीप निघाली. शेडच्या दाराचं कुलूप पोलिसानं दगडानं तोडलं. आत एकच असेल, असं धरून चाललो होतो. निघाल्या सहा! सगळ्यांच्या कोपरापर्यंत पीठ. आईनं आपलीला मिठीत घेतलं आणि दुसऱ्या हातानं तिच्या पाठीत धपाटा घातला. “तुला सांगितलं होतं ना, जाऊ नको!” दोघी रडत होत्या. मी नाचत होते, खोटं कशाला बोलू?

पुढच्या आठवड्यात अक्कानं मायलेकींना बोलावून मलिदा केला, गूळ-खोबऱ्याचे पोहे आणि फळं, त्यांच्यात देवाचे आभार मानायचा हा प्रसाद. माझा गठ्ठा तेव्हाच अंगणातल्या चुलीत गेला. त्याआधी मुलीनं वरचं पत्रक तेवढं उचलून पाहिलं.

“शी! ह्यात मी कसली दिसते. जाळा, जाळा.”

मग ताटासमोर बसत अक्काला म्हणाली, “भाकरी नाही ना केली?”