घनपाठाची परीक्षा

आमच्याकडे माणसाची प्रकृती नाडीवरून नव्हे, पाठांतरावरून तपासतात. बाबा घनपाठी. म्हणजे ऋचेतले शब्द पुढे-मागे गुंफत म्हणायचे आणि एकही स्वर हलू द्यायचा नाही. काशीतल्या आम्हा मराठी मंडळींत याचा मान एवढा, की घनपाठ्याला ताप आला तर लोक आधी पाया पडतात, थर्मामीटर मग शोधतात.

गेल्या हिवाळ्यात बाबा अमृतराव घाटावर स्नानाला गेले आणि दुपारी गंगेपलीकडे रामनगरला सापडले, ओल्या धोतरात. नावेत कसे बसलात, विचारलं तर म्हणाले, "बसवलं कोणीतरी."

डॉक्टरांनी मेंदूचा स्कॅन दाखवला. जुन्या रक्तदाबाने आतल्या बारीक रक्तवाहिन्या अरुंद झाल्या होत्या. रक्त पुरेसं पोचलं नाही तिथे डाग पडले होते. गेलेलं परत येणार नाही, पण रक्तदाब आटोक्यात राहिला तर पुढची घसरण लांबणीवर टाकता येईल, गोळी चुकवू नका, असं त्यांनी बजावलं. आणि लहानपणी घोटलेलं बहुधा शेवटपर्यंत टिकतं, त्याला भुलू नका, हेही.

काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, आमच्या वेदसभेचे चिटणीस. त्यांनी स्वतःची तपासणी केली. "दादा, होऊन जाऊ दे." बाबांनी डोळे मिटून घन म्हटला. निर्दोष.

"बघ, दिमाग एकदम साफ," काका मला म्हणाले. "तुझ्या डॉक्टरला येईल का म्हणता?"

"काका, सकाळी जेवलो की नाही, हे त्यांना आठवत नाही."

"विद्वानाला ते कशाला आठवायला हवं?"

सभेने बाबांचा सत्कार ठरवला होता. त्याच आठवड्यात मला बँकेच्या कामाने लखनौला जावं लागलं. गोळ्या काकांच्या हातात दिल्या. ते हो म्हणाले, चहाही घेतला.

परतले तर बाबांच्या अंगावर शाल होती, भिंतीवर त्यांच्या 'अक्षय स्मृती'चं मानपत्र होतं, आणि बाबांचा डावा पाय फरफटत होता. गोळ्यांचं पाकीट जसंच्या तसं.

"गोळीने त्यांना सुस्ती येते. आवाज उठत नाही," काका म्हणाले. "सत्कारापुरती बंद केली. मी काय परका आहे?"

परका असता तर मी पाकीट दिलंच नसतं. गोळी बंद केल्यामुळेच पाय गेला असं ठामपणे सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. काकांना तेवढं पुरलं.

बाबांनी मला पाट दिला आणि दारी आलेल्या यजमानांशी बोलावं तसं विचारलं, "आपण कुठून आलात?"

"लखनौहून," मी म्हटलं. ते खरंच होतं.

काका गडबडले, पण क्षणभरच. "दादा, होऊन जाऊ दे."

बाबांनी डोळे मिटले. एकदा तरी चुकावं, काकांच्या देखत चुकावं, म्हणून मी एकेक शब्द कान देऊन ऐकत होते. बाबा चुकले नाहीत. काकांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली.