बिनचरबीचा खिमा

मटणाची चरबी टाकून देतात, हेच आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. टाकायची म्हणजे काय? ती खायची! दर रविवारी खाटकाकडून खिमा घेताना वडील वर मूठभर चरबी मागून आणायचे, आणि पातेल्यावर बोटभर तवंग दिसला की त्यांचा चेहरा खुलायचा. खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी, अशातला माणूस.

स्वातंत्र्यानंतर पाच-सहा वर्षांनी त्यांना पित्ताशयाचं दुखणं लागलं. कळ आली की एवढा धिप्पाड माणूस पोट धरून कण्हायचा. नौपाड्यातल्या डॉक्टरांनी बजावलं, तूप-चरबी बंद, नाहीतर पोट फाडावं लागेल. आईने घाबरून मटणच बंद केलं. दुधी, पडवळ, मुगाचं वरण. वडिलांनी ताट सरकवलं ते सरकवलंच. बघता बघता गालफडं बसली, सदरा अंगावर लोंबायला लागला. "दुखण्याने नाही गं, उपासानेच जाणार हे," असं म्हणून आई माझ्याजवळ रडली. मला मात्र त्यांचा असा संताप यायचा! दुधी म्हणजे काय विष आहे?

आमची वहिनी कल्याणची, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तिने मला बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठला आणि विचारलं, "डॉक्टर, वर्ज्य काय, मटण की चरबी?" डॉक्टर म्हणाले, "चरबी. बिनचरबीचं मटण थोडं खाल्लं तर चालेल." एवढा साधा प्रश्न आमच्यातल्या एकालाही सुचू नये, कमालच झाली!

त्या रविवारी खिमा आला. वहिनीने तेलाचा थेंब न घालता तो नुसताच परतला, तांदूळ धुवायच्या रोळीत ओतला आणि वरून उकळतं पाणी सोडलं. खाली निथळलेलं पाणी पातेल्यात धरलं आणि ते पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवलं. थोड्या वेळाने चरबीची पांढरी साय धरली. ती तिने अलगद उचलली आणि खालचं पाणी पुन्हा खिम्यात घातलं. म्हणाली, "चव यातच असते, वन्सं." मी आ वासून बघत होते.

चरबी टाकायचं काम आईने अंगावर घेतलं. तिने ती मोरीत टाकली आणि वरून कढत पाणी ओतलं. चरबी वितळून गेली, आम्ही हुश्श केलं. पण खालच्या नळीत ती पुन्हा थिजली. घटकाभरात मोरी तुंबली आणि मटणाचं पाणी नळीच्या सांध्यातून खाली घरमालकीणबाईंच्या मागच्या दारी, तुळशीपाशी! त्या पक्क्या शाकाहारी. जिन्यातूनच कडाडल्या, "आजपासून वर मटण शिजलं तर बिऱ्हाड उचलायचं!"

वडिलांनी खाटेवरून ऐकलं. "उतरवा ते पातेलं. मला काही नको," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून निजले. आईच्या तोंडचं पाणी पळालं.

वहिनी पदर खोचून खाली गेली. "काकू, चूक आमची. आधी नळी मोकळी करते, मग काय बोलायचं ते बोला." बांबूची काठी, धुण्याचा सोडा, कढत पाणी. गुडघ्यांवर बसून तिने गोळे बाहेर काढले, शेगडीतल्या थंड राखेत मळले, जुन्या वर्तमानपत्रात बांधले आणि कचरापेटीत टाकले. मी म्हटलं, शेगडीतच टाकू या की. तर म्हणाली, "भडका उडेल, घर पेटवायचंय का?" मग तुळशीजवळची जागा धुऊन काढली. मालकीणबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

"आणि पुढच्या रविवारी?"

"पुढच्या रविवारी सगळी चरबी अशीच राखेत. भांडीसुद्धा आधी राखेने पुसून मग धुवायची. नळीत थेंब गेला तर मीच आमचं सामान खाली आणून ठेवीन."

मालकीणबाईंना हसू आवरेना. "बघू हो तुझं. जा, पातेलं करपेल वर."

वहिनीने ताट वाढलं. वडील उठेचनात. तेव्हा ती म्हणाली, "मामंजी, मालकीणबाईंशी भांडून आलेय मी. एक घास तरी खा." ते उठून बसले. घास घेतला. "तवंग नाही," म्हणाले. त्यांनी दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, मग भाकरीचा तुकडा मोडून ताट पुसलं आणि म्हणाले, "आणखी वाढ."

आई स्वयंपाकघरात जाऊन पदरात तोंड लपवून रडली. मीही रडले, खोटं कशाला सांगू.

हात धुवायला उठताना वडील वहिनीपुढे थांबले. ती चरबीची भांडी राखेने पुसत होती, हात कोपरापर्यंत माखलेले. आमच्यात पुरुषांची जेवणं उरकली की बायका उरलंसुरलं खायच्या. त्याबद्दल कधी कुणी चौकशी केली नव्हती, आईचीसुद्धा नाही.

"मुली," वडील म्हणाले, "तू जेवलीस का?"

घरमालकिणीपुढे न डगमगलेल्या माझ्या वहिनीने नजर खाली वळवली. तिने नुसती मान हलवली, नाही म्हणून. वडिलांनी स्वतःच्या हाताने भिंतीशी ठेवलेला पाट उचलला आणि तिच्यासाठी मांडला.