चटई कुणी उचलायची

पहिल्या वर्षी लानुओलाचं कॉलेजात कुणाशी वाकडं असेल, तर ते साहित्य शिकवणाऱ्या रेपेका बाईंशी. बायको-पोरांना वाऱ्यावर सोडून बोटीवर पळून गेलेल्या एका माणसाची कादंबरी अभ्यासाला होती. लानूनं निबंधात त्या माणसाला असं झोडपलं, की तो पुस्तकातून उठून पाया पडला असता. बाईंनी निबंध परत केला आणि भर वर्गात म्हणाल्या, "निकाल झकास दिलायस. आता पुस्तक कधी वाचतेस?"

अख्खा वर्ग हसला. कॉलेज आपियाला, आमच्या बेटांच्या राजधानीत. तिथून गावापर्यंत लानू बसमध्ये रडत आली. बाईंना खोटं पाडायचंच, म्हणून तिनं ते पुस्तक पुन्हा हातात घेतलं, आणि अर्ध्यावर आल्यावर तिला दिसलं की या माणसाला बायकोचा कंटाळा आला नव्हता, त्याला तिच्यासमोर उभं राहायची लाज वाटत होती. त्याचं वागणं तिला पटलं नाही, पण कळलं. पटणं वेगळं आणि कळणं वेगळं, हे त्या पोरीला तेव्हा पहिल्यांदा उमगलं.

मग ती घरच्यांच्या डोक्याला ताप झाली. गावातली कुठलीही कुचाळकी निघाली, की हिचं सुरू, "थांबा, त्याचं म्हणणं काय होतं?"

फिलिपोकाका वैतागायचा. "गोष्टी वाचून तारोचे कंद उकडतात का गं? एवढी चौकशी करायची तर वकील तरी व्हायचंस!"

तिसऱ्या वर्षाला ती असताना तिच्या थोरल्या भावाचा, सेफोचा पाय गेला. चर्चमधली गाण्याची तालीम आटोपून तो रस्त्याच्या कडेकडेनं घरी येत होता. मागून आलेल्या पिकअपनं त्याला उडवलं आणि गाडीवाला पळाला. पहाटे पावाच्या गाडीवाल्याला सेफो चरात पडलेला दिसला. डॉक्टरांनी पाय गुडघ्याखाली कापला. त्या रात्रीचं त्याला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. पुढे पोलिसांनी शेजारच्या गावचा अपेलू पकडला, मिसरूड फुटलेलं पोरगं. खटला भरला आणि त्याला जामिनावर सोडलं. सेफो अजून आपियाच्या इस्पितळातच होता.

लानूनं पुस्तकं पेटीत टाकली. परक्याच्या पापाचं कारण शोधणं सोपं असतं हो. आपल्या भावाचा पाय कापलेला पाहिला, की सगळी साहित्याची पदवी चुलीत घालावीशी वाटते. तिला तो पोरगा मेलेला हवा होता. आईजवळ ती तसं बोललीही.

आणि एका पहाटे अपेलूचं घराणं इफोगाला, म्हणजे रीतीनं माफी मागायला, आलं. गुन्हा केलेल्यांनी उजाडायच्या आत यायचं, दारासमोर गुडघ्यांवर बसायचं, त्यांच्यातल्या थोरल्यानं अंगावर घराण्याची सगळ्यात मोलाची चटई पांघरायची. समोरच्यांनी चटई उचलली तर माफी. नाही उचलली तर दगड, कोयता, काहीही.

अपेलूचा आजोबा चटईखाली वाकून बसला होता. मागे त्याची माणसं मान खाली घालून बसली होती. फिलिपोकाकाच्या हातात दगड होता. लानूचे वडील मताई, म्हणजे घराण्याचे प्रमुख; चटई त्यांनीच उचलायची. पण ते खांबाला टेकून बसले ते हलेचनात. बघता बघता उजाडलं.

तेवढ्यात काका ओरडला, "मस्ती बघा! तो बघा कुठे बसलाय!"

अपेलू सगळ्यांपासून लांब, उघड्यावर, एकटाच गुडघ्यांवर बसला होता.

"चटईखाली ये म्हटलं, ऐकत नाही," चटईखालून म्हातारा म्हणाला.

"मला नको ती," अपेलू म्हणाला.

वडील लानूकडे वळले. आमच्यात भावाच्या बाबतीत बहिणीचा शब्द मोठा. "तुझ्या भावाचा पाय आहे," ते म्हणाले. "तू बोल."

लानू उठली. ती सरळ अपेलूपुढे जाऊन उभी राहिली. "काय झालं ते सांग. पहिल्यापासून."

म्हाताऱ्यानं रीतीप्रमाणे क्षमेचं भाषण सुरू केलं.

"तुम्ही नाही, आजोबा. तो."

सगळे चपापले. इफोगात गुन्हेगारानं तोंड उघडायचं नसतं, ते वडीलधाऱ्यांचं काम.

अपेलू जमिनीकडे बघत बोलला, "जाळं ओढून येत होतो. डुलकी लागली. धक्क्यानं जाग आली. खाली उतरलो. सेफो होता. खेळाच्या मैदानावर बघितलंय मी त्याला. तो म्हणाला, जाऊ नको."

हे पोलिसांनाही ठाऊक नव्हतं. "मग?" लानूनं विचारलं.

"मी गेलो."

"का?"

"घाबरलो. दुसरं काही नाही सांगायला."

काका दगड उगारून धावला. दोघांनी त्याला कसंबसं धरलं. लानूला वाटलं, तो दगड आपणच घ्यावा आणि घालावा याच्या डोक्यात. खरंच वाटलं तसं. पण सेफोची ती रात्र सेफोकडे नव्हती, या पोराकडे होती. 'जाऊ नको' ऐकणारा जगात हा एकटा. ही गोष्ट ऐकून निकाल द्यायचा हक्क तिचा नव्हता, काकाचा नव्हता, बाबांचाही नव्हता.

"बाबा, आजोबांची चटई उचला," ती म्हणाली. "त्यांनी काही केलेलं नाही."

वडिलांनी उठून चटई उचलली. म्हातारा ढसाढसा रडायला लागला. लानूनं वडिलांच्या हातातली चटई घेतली आणि अपेलूच्या डोक्यावर टाकली.

"मी तुला माफ केलेलं नाही," ती म्हणाली. "ज्याचा पाय गेला तो उचलेल, नाहीतर नाही उचलणार. चल. आणि सेफोपुढे एक शब्द बदलायचा नाही."

वडिलांनीच गाडी काढली. काका दगड टाकून, शिव्या पुटपुटत मागे चढला. आपियाच्या इस्पितळात वॉर्डातल्या बायाबापड्यांनी बाजूला सरून वाट दिली. अपेलू डोक्यावर चटई घेऊन सेफोच्या खाटेपाशी गुडघ्यांवर बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. जाळं, डुलकी, 'जाऊ नको', मी गेलो. शब्द न् शब्द तोच.

लानूला वाटलं, आता हा भिंतीकडे तोंड फिरवणार.

"म्हणजे मी हाक मारली होती," सेफो म्हणाला. "मला वाटायचं, मी नुसताच पडून राहिलो."

मग तो कोपरावर कण्हत उठला आणि हात लांब करून त्यानं चटई खेचली.

"तोंड दाखव, भडव्या. तोंड दिसल्याशिवाय तुला शिव्या कशा घालू?"