नत्थुजीच्या डोक्यामागचे किरण

अमरावतीत त्या काळी फोटो काढणारे चार-पाच जण होते, पण मेलेल्या माणसाच्या डोक्यामागे किरण काढावेत ते खुशालरावांनीच. मोर्शीपासून अकोल्यापर्यंत कुणाच्या भिंतीवर सासरे, आजे, मामेसासरे तेज फाकत बसलेले दिसले की ओळखावं, हे खुशालरावांच्या हातचं. ज्यानं जन्मभर शेताच्या धुऱ्यावरून शेजाऱ्याशी भांडण केलं, जावयाला तूप वाढताना ज्याचा हात थरथरला, तोही त्यांच्या कुंचल्याखालून गेला की सूर्यनारायण होऊन बाहेर पडे. घरची माणसं डोळे पुसत म्हणत, "अगदी असेच दिसत होते." आता खोटं कशाला बोला, एकही तसा दिसत नव्हता.

कसब असं होतं. फोटोच्या काचेच्या प्लेटीवर सगळं उलटं असतं: काळं ते पांढरं, पांढरं ते काळं. त्या प्लेटीवर, चित्र धरणारा मसाला ज्या अंगाला लावलेला असतो त्या बाजूनं, खुशालराव खारीच्या केसांच्या कुंचल्यानं लाल शाईच्या रेघा ओढत. शाईतून उजेड जात नाही, म्हणून कागदावर ती रेघ पांढरीशुभ्र उमटे. टोक बोटानं जरासं पुसलं की किरण विरत गेल्यासारखा दिसे. पंचवीस वर्षं प्लेटा पाहून त्यांच्या डोळ्यांना अशी सवय जडली होती की समोरच्या जिवंत गिऱ्हाइकाचं तोंड त्यांच्या लक्षातच राहत नसे. बायको विमल म्हणायची, "मीबी एकदा प्लेटीत जाऊन बसतो, म्हणजे ओळख तरी द्याल."

साल सत्तावन्न. दर्यापूरकडचे नत्थुजी दुकानात आले. थोरले भाऊ जानराव वारले होते, तेरवीला फोटो पाहिजे होता. दोघा भावांचा जोडफोटो सहा वर्षांपूर्वी खुशालरावांनीच काढला होता. प्लेट कपाटात होती.

"किरणं दादाले पाह्यजे," नत्थुजी म्हणाले. "उजव्या अंगाले बसले ते."

खुशालरावांनी चिठीवर 'उजवा' लिहिलं, प्लेट मसाल्याच्या बाजूनं उजेडात धरली आणि उजवीकडच्या माणसाला चोवीस किरण काढले. मसाल्याच्या बाजूनं पाहिलं की डावा माणूस उजवीकडे जातो, हे खुशालराव झोपेतही सांगू शकले असते. त्या दिवशी जागे होते म्हणून चुकले. त्यात भाऊ एका साच्यातले, फेटा तोच, मिशा त्याच. नत्थुजींनी वर्तमानपत्रात बांधलेली फ्रेम मांडीवर घेतली आणि ते मोटारीनं गावी गेले.

तेरवीला तीन दिवस उरले असताना ते परत आले. पुढे बायको गोदाबाई, मागे ते.

"भाऊ, माहा नवरा जित्ता हाय," गोदाबाईनं फ्रेम आपटावी तशी ठेवली. "पाहा त्याच्याकडं. खाते, पिते, घोरते."

खुशालरावांनी फोटो पाहिला, नत्थुजींना पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. पंचवीस वर्षांत प्रथमच ते गिऱ्हाइकाचं तोंड एवढं निरखून पाहत होते.

"चुकलं बाई. शाई धुऊन टाकतो. उद्या दुपारी नवा फोटो घेऊन जा."

"वयनीनं निरोप देल्ला हाय," नत्थुजी म्हणाले. "तेरवीत दादाच्या मांगं किरणं नसले, तर दहा गावच्या सोयऱ्यायले सांगते म्हणे, अमरावतीवाल्यानं काय केलं ते."

दहा गावं म्हणजे खुशालरावांचं अर्धं दुकान.

"दादाचे काढा," नत्थुजी खाली पाहत पुटपुटले, "पन माह्यावाले बी राहू द्या."

"काय म्हणता?"

"काल फोटो उघडला तवापासून लोकं मले 'नत्थुजी, बसा' म्हणून राहिले. पन्नास वर्षांत मले कोनी बसा म्हणलं नाई."

"किरणं गेलेल्या मानसाले असतात," गोदाबाई म्हणाली. "तुमाले बसाचं हाय, का मले रांडव करून जाचं हाय?"

मग दुकानात जी घासाघीस झाली, तशी वांग्याच्या बाजारातही होत नसेल. नत्थुजी बारावर आले. गोदाबाई एकही द्यायला तयार नव्हती. नत्थुजी आठावर आले, सहावर आले. शेवटी खुशालरावांनी तोड काढली: फेट्याच्या मागे तीन आखूड किरण, कुणी विचारलं तर तुरा म्हणून सांगायचा.

तेरवीच्या दिवशी खुशालराव स्वतः गावी गेले. पंगत बसली होती, भाजीचं भांडं घेऊन वाढपी फिरत होता, आणि जानरावांची बायको कौशल्या फोटोसमोर येऊन उभी राहिली. तिनं नवऱ्याचे चोवीस किरण बोटानं मोजले. मग बोट नत्थुजींच्या फेट्याकडे गेलं.

"हे काय होय?"

"तुरा आहे, बाई," खुशालराव म्हणाले.

"तुरा असा चमकते? आंधळी समजता का मले?"

पंगतीतले घास हातातच राहिले. नत्थुजी वाढप्याच्या मागे लपले.

"दोन वर्षं त्यायले लकवा होता," कौशल्या म्हणाली. "रातच्याले कूस बदलाले हा उठे. मी हातपाय पसरून झोपून राहो. त्याले तीनच काहून देल्ले?"

खुशालरावांनी खिशातून चिठी काढली. "किती देऊ?"

"नऊ करा."

"नऊ नाई, बाई," चुलीजवळून गोदाबाई ओरडली. "तीनातच माहा जीव वरखाली होऊन राहिला."

पंगतीतल्या ताकाचं पाणी होईपर्यंत दोघी जावांची घासाघीस चालली. दहाही गावचे सोयरे आपापला आकडा सांगू लागले. शेवटी पाचावर जमलं. खुशालरावांनी तीच फ्रेम परत नेली, प्लेटीवर आणखी दोन रेघा ओढल्या आणि आठ दिवसांनी पाच किरणांचा फोटो पाठवला. दहा गावांतलं एकही गिऱ्हाईक हललं नाही.

फोटो नत्थुजींच्या ओसरीवर टांगला गेला. गोदाबाईनं एकच अट घातली: हार फक्त भासऱ्यांच्या, म्हणजे जानरावांच्या, अर्ध्या भागावर. त्यामुळे हार कायम तिरका लटके. आलेला पाहुणा ते पाहून अस्वस्थ होई, उठून हार दोन्हीकडे सारखा करी, आणि गोदाबाई चहाची कपबशी बाजूला ठेवून तो पुन्हा एका बाजूला ओढी.